‘मिळेल का?’ला इंग्रजीत काय म्हणायचं

आपल्या या त्रैमासिकाचे काही वाचक रविवारच्या वर्गाला भेट देऊन जातात, काही पत्रातून मदत पाठवतात, आणि जवळपास सगळेच एक प्रश्न विचारतात: ‘तुम्ही या मुलांना नक्की काय शिकवता? व्याकरण? साहेबांसारखे उच्चार?’ संपादकांनी या वेळी तोच प्रश्न माझ्याकडे सोपवला आहे.

वर्गात येणारी मुलंमुली अठरा ते पंचवीस वयाची. काही जण पारोळ, शिरवली, भाताणे बाजूच्या पाड्यांवरून येतात. काहींचं गाव जव्हार-मोखाड्याकडे, पण कामासाठी ती नालासोपाऱ्यात किंवा विरारला चार-पाच जणांत खोली घेऊन राहतात. बहुतेकांचं शिक्षण आश्रमशाळेत झालेलं. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, त्यामुळे ‘आम्हाला इंग्रजी येतच नाही’ असं कोणी म्हटलं तरी ते खरं नसतं. पाटी वाचता येते, फॉर्म भरता येतो, शब्द पुष्कळ माहीत असतात. अडतं ते समोर माणूस उभा राहिल्यावर. दुकानाच्या काउंटरवर, सोसायटीच्या गेटवर, नर्सिंग होमच्या वॉर्डात दोन वाक्यं बोलायची वेळ येते. वाक्य बरोबर असतं, तरी समोरचा कपाळाला आठ्या घालतो. का, ते मुलांना कळत नाही. मग पुढच्या वेळी ती गप्प बसतात, आणि गप्प बसणाऱ्याला काउंटरवरून गोदामात पाठवतात.

याचं कारण व्याकरणात नाही, आदर कुठे ठेवायचा यात आहे.

मराठीत आदर सर्वनामात आणि क्रियापदात असतो. ‘बस’, ‘बसा’, ‘बसावं’ एवढ्यानेच काम होतं, वेगळं ‘कृपया’ लागत नाही. कृपया आपल्याकडे पाटीवर लिहितात, ‘कृपया चपला बाहेर काढाव्यात’ म्हणून. घरात कोणी ‘कृपया भाजी वाढ’ म्हटलं तर आई ताप आलाय का बघेल. पाड्यावरची रीत आणखी वेगळी. मी ज्या ज्या वारली पाड्यांवर गेले, तिथे आईला, आजीला, पाड्यातल्या वडीलधाऱ्यालाही ‘तू’च म्हणतात, आणि त्यात अनादर तिळभर नसतो. मलाही ‘बाई, तू कधी आली?’ असंच विचारतात. शाळेत गेल्यावर मात्र या मुलांना तेच ‘तू’ उद्धट म्हणून टोचलं जातं. पुष्कळ मुलं बुजतात ती तिथपासून.

म्हणून पहिल्या रविवारी मी सांगते की इंग्रजीत सगळ्यांना ‘यू’. डॉक्टरला यू, झाडूवाल्याला यू, देवालाही यू चालतं. म्हणजे या बाबतीत इंग्रजी शाळेपेक्षा पाड्याच्या जवळची. वर्गात हे ऐकून हसू पसरतं, खांदे जरा सैल होतात. पण त्याच्या पाठोपाठ दुसरी गोष्ट सांगावी लागते. ‘यू’मध्ये आदर नाही आणि क्रियापदातही नाही, तर तो गेला कुठे? तो गेला प्रश्नात. इंग्रजीत सभ्य माणूस सांगत नाही, विचारतो.

मुलगी मनात मराठी वाक्य जुळवते, ‘मला पाणी द्या.’ त्यात ‘द्या’ आहे, म्हणजे आदर आहे. इंग्रजीत ते ‘गिव्ह मी वॉटर’ होतं. ‘द्या’चा आदर वाटेतच गळून पडतो आणि उरतो नुसता हुकूम. शेवटी ‘प्लीज’ चिकटवलं तरी तो ‘प्लीज’ लावलेला हुकूमच राहतो.

यावरचा उपाय मराठीतच आहे, तो बाहेरून आणावा लागत नाही. आपण शेजाऱ्याकडे गेलो की ‘पाणी द्या’ म्हणत नाही, ‘जरा पाणी मिळेल का?’ म्हणतो. हे ‘मिळेल का?’ म्हणजेच ‘कुड आय हॅव सम वॉटर, प्लीज?’ वर्गाच्या फळ्यावर मी आधी अशीच मराठी वाक्यं लिहिते. ‘आत येऊ का?’ म्हणजे ‘मे आय कम इन?’ ‘चालेल का?’ म्हणजे ‘इज दॅट ऑलराइट?’ ‘हरकत नसेल तर’ म्हणजे ‘इफ यू डोन्ट माइंड’. ‘जरा थांबता का?’ म्हणजे ‘कुड यू वेट अ मिनिट, प्लीज?’ मराठी वाक्यात शेवटी ‘का’ असेल तर इंग्रजी वाक्य ‘कुड’ किंवा ‘मे’ने सुरू करायचं, एवढं एक सूत्र हाताशी लागलं की अर्धा वर्ग पुढच्या आठवड्यात स्वतःची वाक्यं घेऊन येतो.

एक सापळा मात्र आवर्जून दाखवते. ‘वुड यू माइंड वेटिंग?’ असं कोणी विचारलं की आपली मुलं अदबीने ‘येस सर’ म्हणतात. प्रश्नाचा अर्थ आहे, ‘थांबायला तुमची काही हरकत आहे का?’ आणि उत्तर गेलं ‘हो, आहे!’ इथे तयारी दाखवायची तर ‘नॉट ॲट ऑल’ म्हणायचं असतं.

काही वाक्यं आपण इतक्या सवयीने मराठीतून उचलतो की ती मराठी आहेत हे लक्षातच येत नाही. निघताना आपण ‘जातो’ म्हणत नाही, ते अशुभ वाटतं, ‘येतो’ म्हणतो. एका मुलाने कामावरून सुटताना मॅनेजरला ‘आय ॲम कमिंग’ म्हटलं, आणि मॅनेजर अर्धा तास त्याची वाट बघत बसला. तिथे ‘आय विल गो नाऊ, सी यू टुमारो’ म्हणावं, इंग्रजीत जाण्याला कोणी भीत नाही. फोन उचलल्यावरचं आपलं ‘बोला’ इंग्रजीत ‘टेल मी’ होतं आणि दरडावल्यासारखं वाटतं. त्याऐवजी ‘हॅलो, हाऊ कॅन आय हेल्प यू?’ काउंटरवरचं ‘काय पाहिजे?’ सरळ ‘व्हॉट डू यू वॉन्ट?’ झालं की भांडण काढल्यासारखं ऐकू येतं. ‘व्हॉट वुड यू लाइक?’ म्हटलं की तेच वाक्य पाहुणचाराचं होतं. ‘माहीत नाही’साठी नुसतं ‘डोन्ट नो’ नको. ‘आय ॲम नॉट शुअर, लेट मी आस्क’ म्हणजे माणूस हात झटकत नाही, मदतीला निघाला आहे असं वाटतं. (विरार लोकलमधून ‘एक्स्क्यूज मी’ म्हणत उतरता येतं, असं मात्र मी कोणालाही शिकवलेलं नाही. तिथे ‘उतरायचंय का?’ हेच खरं.)

‘थँक्यू’वर वर्गात दर वेळी चर्चा होते. पाड्यावर एकाने दुसऱ्याचं घर शाकारायला हात दिला तर कोणी आभार मानत नाही, पुढच्या वेळी हा त्याच्याकडे जातो. एक मुलगी म्हणाली, ‘बाई, थँक्यू म्हटलं की हिशेब संपला असं वाटतं.’ मला तिचं म्हणणं पटतं. पण शहरात ज्याने दार धरून ठेवलं तो पुन्हा भेटणार नसतो, म्हणून हिशेब तिथल्या तिथे मिटवायची ही शहरी सोय आहे, असं मी समजावते. पाड्यावर जाऊन तो शब्द आजीला ऐकवायची काही गरज नाही.

शब्द बरोबर असूनही सूर चुकला तर काय होतं, याचं एक उदाहरण भाषाशास्त्रात प्रसिद्ध आहे. जॉन गम्पर्झ या अमेरिकन भाषातज्ज्ञांनी ते १९८२ च्या आपल्या पुस्तकात नोंदवलं आहे. ब्रिटनमधल्या एका मोठ्या विमानतळावर कर्मचाऱ्यांच्या कॅन्टीनमध्ये भारतीय आणि पाकिस्तानी बायका वाढायला नव्याने लागल्या होत्या. त्या फटकळ आहेत, सहकार्य करत नाहीत, अशी त्यांच्याबद्दल तक्रार होऊ लागली. बायकांना वाटत होतं, आपल्याला मुद्दाम वेगळं वागवतात. तपासात निघालं ते एवढंच: मांसाचं ताट घेणाऱ्याला रस्सा हवा का, हे विचारताना इंग्रज बाई ‘ग्रेव्ही?’ म्हणायची, शेवटी सूर वर नेऊन. आपल्याकडच्या बायका ‘ग्रेव्ही’ म्हणायच्या, सूर खाली सोडून. एका सुरात ‘देऊ का?’ ऐकू येत होतं, दुसऱ्यात ‘हा रस्सा आहे, घ्यायचा तर घे.’ ध्वनिफीत ऐकवली तेव्हा बायका आधी म्हणाल्या की दोन्हींत फरकच नाही. फरक कळला तेव्हा त्यांना आपल्याबद्दलच्या रागाचं कारण उमगलं, आणि वरिष्ठांनाही कळलं की यात उद्धटपणा मुळीच नव्हता.

हे मी वर्गात करून दाखवते. एकाने ताट धरायचं, दुसऱ्याने ‘राइस?’, ‘दाल?’, ‘टी?’ विचारत जायचं, प्रत्येक शब्द शेवटी वर न्यायचा. दहा मिनिटांचा खेळ आहे. पण कॅटरिंगच्या कामाला जाणाऱ्या मुलांना मी शिकवलेल्या सगळ्या व्याकरणापेक्षा तो जास्त उपयोगी पडतो, असं माझं मत झालं आहे.

आता उच्चार. इथे लोकांच्या मनात गोंधळ फार. नाकातून बोलायचं, ‘र’ गिळायचा, म्हणजे चांगलं इंग्रजी, असं समजणारे पालक भेटतात आणि तसे क्लासही गल्लोगल्ली निघाले आहेत. मी त्या वाटेला जात नाही. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली इंग्लंडहून गोव्यात आले, मराठी शिकले आणि १६१६ मध्ये त्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ छापलं गेलं. त्यांचे मराठी उच्चार इंग्रजी वळणाचे होते का, असं आज कोणी विचारत नाही. आपल्या मुलांच्या इंग्रजीत पालघरचा वास राहिला तर राहू द्या. समोरच्याला कळलं पाहिजे, एवढीच अट.

कळण्यासाठी काय लागतं आणि काय लागत नाही, हे जेनिफर जेन्किन्स या ब्रिटिश भाषातज्ज्ञांनी २००० सालच्या पुस्तकात मांडलं आहे. वेगवेगळ्या देशांची माणसं आपापसात इंग्रजी बोलतात तेव्हा ‘थँक्यू’मधला ‘थ’ जिभेचं टोक दातांत धरून काढला नाही तरी काही बिघडत नाही. बिघडतं ते स्वरांचं ऱ्हस्व-दीर्घ चुकल्यावर, आणि वाक्यातल्या भलत्याच शब्दावर जोर दिल्यावर.

ऱ्हस्व-दीर्घ आपल्याला विशेष जड जातं. मराठी लिहिताना आपण ते पाळतो, पण बोलताना ‘दिन’ आणि ‘दीन’ जवळपास सारखेच निघतात. इंग्रजीत ‘लिव्ह’ म्हणजे राहणं आणि ‘लीव्ह’ म्हणजे सोडून जाणं. मुलाखतीत ‘आय वॉन्ट टु लिव्ह हिअर’ म्हणायचं असेल आणि ‘ई’ लांबली, तर नोकरी लागायच्या आधीच राजीनामा. ‘शिप-शीप’, ‘फिल-फील’ अशा जोड्या आम्ही हाताने करतो: ऱ्हस्वाला चुटकी, दीर्घाला हात लांब ओढायचा.

जोराचं काम मराठीत ‘च’ करतो. ‘मला निळाच हवा’ म्हटलं की आवाज चढवायची गरज नाही. इंग्रजीत ‘च’ नाही, म्हणून तो आवाजाने द्यावा लागतो: ‘आय वॉन्ट द ब्ल्यू वन’मध्ये ‘ब्ल्यू’ जरा लांब आणि उंच. मराठी वाक्यात ‘च’ कुठे लावला असता ते शोधा, इंग्रजीत जोर तिथेच. शब्दाच्या आतही जोर असतो. ‘हॉटेल’ आपण पहिल्या अक्षरावर म्हणतो, इंग्रजीत जोर ‘टेल’वर. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या ‘फो’वर, आणि तोच शब्द ‘फोटोग्राफर’ झाला की ‘टो’वर सरकतो, तिथे खरं तर ‘टॉ’ ऐकू येतो. मुलं शब्द देवनागरीत लिहून घेतात. त्याला माझी हरकत नाही, फक्त जोराच्या अक्षराखाली रेघ ओढायला सांगते, कारण जोर देवनागरीत दिसत नाही.

देवनागरीत न दिसणारी आणखी एक गोष्ट म्हणजे ‘व’. आपला एकच ‘व’ इंग्रजीत दोन होतात. ‘व्हॅन’मध्ये वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, ‘वन’, ‘वॉटर’मध्ये दात कुठेच टेकत नाहीत, ओठांचा चंबू होतो. खिशातला आरसा काढून पाच मिनिटं बघितलं की जमतं. ‘झेड’चं तसं नाही, तो आपल्याकडे जवळजवळ आहेच. ‘जागा’, ‘जोडा’ म्हणताना जो ‘ज’ निघतो, तो म्हणताना जीभ टाळ्याला न टेकवता नुसती हवा घासून सोडली की ‘झू’ तयार. अडचण ‘झिप’, ‘झिरो’ला येते, कारण मराठीत ‘इ’पुढे आला की ‘ज’ आपोआप ‘जीभ’मधला होतो. मग ‘जागा, जागा, झिरो’ असं लागोपाठ म्हणायला लावते. जागेचा ‘ज’ जिभेवर असतानाच झिरोवर उडी मारायची.

आणि एक गोष्ट सांगताना मला फार बरं वाटतं. पाड्यावरच्या बोलीत ‘पाणी’चं ‘पानी’ होतं, ‘काळा’चा ‘काला’ होतो. यावरून या मुलांनी शाळेत किती बोलणी खाल्ली असतील, सांगता येत नाही. इंग्रजीत ‘ण’ही नाही आणि ‘ळ’ही नाही. तिथे सरळ ‘न’ आणि सरळ ‘ल’ लागतो, आणि तो या मुलांच्या तोंडी जन्मापासून आहे.

आता ज्यासाठी मी हा वर्ग आजवर सोडलेला नाही, त्याबद्दल. आमची एक विद्यार्थिनी एका नर्सिंग होममध्ये मदतनीस म्हणून लागली. तिथल्या केरळी सिस्टरांना मराठी येत नाही, हिला हिंदी जेमतेम, म्हणून दोघींचं बोलणं मोडक्या इंग्रजीत. एका रात्री सिस्टरने घाईत औषधाचं माप सांगितलं. हिला ‘फिफ्टी’ ऐकू आलं, पण शेवटी ‘न’सारखं काहीतरी वाटलं. ‘फिफ्टीन’मध्ये जोर शेवटी आणि ‘ई’ लांब. ‘फिफ्टी’मध्ये जोर आधी. पंधरा आणि पन्नास. अशा वेळी आपली मुलं काय करतात ते मला माहीत आहे: ‘येस सिस्टर’ म्हणतात आणि अंदाजाने वागतात, कारण पुन्हा विचारलं तर अडाणी ठरू अशी भीती असते. या मुलीने विचारलं, ‘सॉरी सिस्टर, वन फाइव्ह ऑर फाइव्ह झिरो?’ सिस्टर थांबल्या, चिठ्ठी पुन्हा वाचली आणि म्हणाल्या, ‘वन फाइव्ह. गुड.’

आकडे असे सुटे करून सांगणं ही काही अडाण्याची युक्ती नाही, विमानाचे वैमानिकही तसंच बोलतात. आणि वर्गातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य कोणतं, असं कोणी विचारलं तर मी ‘थँक्यू’ सांगणार नाही, ‘गुड मॉर्निंग’ही नाही. ते वाक्य आहे, ‘सॉरी, आय डिडन्ट गेट दॅट. कुड यू से इट अगेन, प्लीज?’ दर रविवारी प्रत्येकाने ते तीनदा म्हणायचं, मान वर करून. यात ‘सॉरी’ आहे म्हणून ती माफी नाही. मराठीतल्या ‘काय म्हणालात?’सारखाच तो शब्द.

मान वर करून, हे मुद्दाम लिहिलं. कारण उलट बाजूचा धोकाही आहे. आदर शिकवायला गेलं की काही मुलं प्रत्येक श्वासाला ‘सर’ लावायला लागतात, ‘येस सर, ओके सर, सॉरी सर’, आणि बोलता बोलता वाकत जातात. त्यांच्या आजोबांनी सावकारापुढे वाकून दिवस काढले, ते पुन्हा इंग्रजीतून शिकवायला मी बसलेली नाही. पहिल्या वाक्यात एकदा ‘सर’ किंवा ‘मॅडम’ पुरतं. पुढचा आदर ‘कुड यू’ सांभाळतो. पगार उशिरा झाला तर ‘कुड यू टेल मी व्हेन आय विल बी पेड?’ हे वाक्यही तितकंच सभ्य आहे. ते आम्ही पाठ करून घेतो.

शेवटचे दोन रविवार फोनसाठी. फोनवर चेहरा नसतो, हात नसतात, ‘एम’ आणि ‘एन’ सारखेच ऐकू येतात. नाव-गाव सांगायचं तर अक्षरं सुटी करून सांगावी लागतात, ‘एम फॉर मँगो’ अशी. मुलांना मँगो-ऑरेंज बालवाडीतलं वाटलं, म्हणून त्यांनी आपल्याच जिल्ह्याची यादी केली. एम फॉर मोखाडा, एन फॉर नालासोपारा, जे फॉर जव्हार, डी फॉर डहाणू, टी फॉर तलासरी, पी फॉर पालघर. दोन ‘व’ही त्यातच पाठ झाले: दात टेकवून व्ही फॉर वसई, चंबू करून डब्ल्यू फॉर वाडा. जिल्ह्याबाहेरच्या फोनला मँगोच वापरायचा, असं ठरलं आहे. आणि व्ही फॉर विक्रमगड का नाही, हा वाद विक्रमगडच्या मुलांनी अजून सोडलेला नाही.